भाड्याचे घर आणि वस्तीची निवड

(मुंबईतील घरांच्या प्रश्नावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



भाड्याचे घर कोणत्या वस्तीत घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी खाजगी वाटतो. ज्याने त्याने आपला खिसा पाहावा, नोकरीचे ठिकाण पाहावे, मुलांची शाळा पाहावी आणि निर्णय करावा. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु मुंबईसारख्या समुद्राने तीन बाजूंनी आवळलेल्या शहरात हा खाजगी निर्णय सार्वजनिक धोरणाने किती बांधलेला असतो, हे तपासून पाहिले म्हणजे निवड या शब्दाविषयीच शंका येऊ लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कुटुंब कल्पावे. पत्नी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पती अंधेरीत एका कारखान्याच्या कचेरीत हिशेबनीस आहे. पदरात शाळेत जाणारी एक मुलगी, आणि गावाकडून नुकतीच आणलेली वृद्ध आई. दोघांचे मिळून महिन्याला हाती सत्तर हजार रुपये येतात. घरमालकाने करार वाढवून देण्यास नकार दिला आहे आणि महिन्याभरात त्यांना नवे घर शोधायचे आहे. हे कुटुंब काल्पनिक असले तरी त्याच्यापुढील अडचणी काल्पनिक नाहीत. मुंबईच्या कोणत्याही लोकलच्या डब्यात अशी कुटुंबे डझनांनी सापडतील.

पूर्वी वस्ती कोण ठरवीत असे?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईला आलेल्या कामगाराला वस्ती निवडावी लागत नसे. ती कामाबरोबर येई. गिरणीचा भोंगा ऐकू येईल आणि पायी जाता येईल एवढ्या अंतरात त्याला राहावे लागे. म्हणून लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड हा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून आलेला तरुण आपल्या गावच्या मंडळींनी घेतलेल्या खोलीत पथारी टाकी. एका खोलीत अनेक पथाऱ्या, जेवण खाणावळीत, नोकरी जॉबरच्या ओळखीने. जात आणि गाव यांची चौकट त्याने शहरातही बरोबर आणली होती, हेही नाकारून चालणार नाही. चाळीच्या जीवनाची आज फार हौसेने आठवण काढली जाते, पण त्या जीवनातील दाटी आणि रोगराई आठवणीतून गळून पडते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारला या दाटीची दखल घ्यावी लागली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रोगट म्हणून ठरलेल्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वसाहती वसविल्या. ज्यांची घरे पाडली गेली ते मजूर मात्र बहुतांशी त्या वसाहतींत राहावयास गेले नाहीत. तेथे पांढरपेशा मध्यमवर्ग आला. पहिल्या महायुद्धानंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्या बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. शहराची नफ्याची गणिते कामगाराला छप्पर देऊ शकत नाहीत, ही कबुली परकीय सरकारलाही त्या निमित्ताने द्यावी लागली. भाड्याचे घर बांधणे हे शासनाचे काम आहे, ही कल्पना या शहरात म्हणूनच नवी नाही. ती विसरली गेली आहे एवढेच.

भाडेनियंत्रणाचा खरा धडा

मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ सालचा. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित यांचा विचार करता ते योग्यच होते. लक्षावधी भाडेकरूंना त्याने संरक्षण दिले. पण ज्याच्याजवळ घर होते त्याला हे संरक्षण मिळाले. ज्याला घर शोधायचे होते तो पागडीच्या दारात जाऊन उभा राहिला. भाडे नाममात्र आणि पागडी मात्र बाजारभावाने, असा दुहेरी व्यवहार रूढ झाला. मालकाने डागडुजी सोडली. इमारती खचू लागल्या. १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले, आणि त्याच्या यादीत साडेएकोणीस हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती आल्या.

१९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लीव्ह अँड लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. त्या कुटुंबांच्या दृष्टीने तो न्याय होता. मालकांनी मात्र त्यातून एकच बोध घेतला: घर कुलपात ठेवणे सुरक्षित, भाड्याने देणे धोक्याचे. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी ठरविले आणि महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अस्तित्वात आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

यावरून बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ लगेच निष्कर्ष काढतात की नियंत्रण हेच सर्व दुःखाचे मूळ होय. हा निष्कर्ष अर्धवट आहे. भाडे बांधले की खाजगी भांडवल भाड्याच्या घरांतून अंग काढून घेणार, हे उघड होते. ती पोकळी भरून काढण्यासाठी शासनाने स्वतः मोठ्या प्रमाणावर भाड्याची घरे बांधावयास हवी होती. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, नेमके हेच घडले. तेथेही भाडी बांधलेली होती. परंतु १९२३ ते १९३४ या काळात तेथील समाजवादी नगरपालिकेने साठ हजारांवर घरे बांधून ती भाड्याने दिली, आणि आजही त्या शहरातील निम्म्याच्या आसपास लोक नगरपालिकेच्या अथवा अनुदानित घरांत राहतात. आपल्याकडे नियंत्रण आले, बांधकाम आले नाही. पुढे नियंत्रणही सैल झाले आणि बांधकाम तेव्हाही आले नाही.

परिणाम काय झाला तो पाहा. भारताच्या शहरांत १९६१ साली शेकडा ५४ कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ साली हे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास आले. त्याच २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हे आकडे पुढे ठेवले आणि रिकाम्या घरांत मुंबईचा क्रमांक पहिला असल्याचे सांगितले. मुंबईतील हा आकडा सुमारे ४ लाख ८० हजार होता. एका बाजूला कुलूपबंद सदनिका, दुसऱ्या बाजूला झोपडीचे भाडे भरणारा कष्टकरी. मागणी आणि पुरवठा यांची भेट बाजारात आपोआप होते, असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे ती का होत नाही, याचे उत्तर त्या पुस्तकात नाही. घर हे येथे राहण्याची वस्तू उरले नसून पैसा साठविण्याची तिजोरी झाले आहे.

भाड्याचा हिशेब आणि वेळेचा हिशेब

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. त्यांच्यापुढे दोन वस्त्या आहेत: डोंबिवली आणि घाटकोपर. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. रीत ध्यानात आली म्हणजे ज्याने त्याने स्वतःचे आकडे घालावेत.

डोंबिवलीत दोन खोल्यांचे भाडे चौदा हजार आणि अनामत पन्नास हजार धरू. घाटकोपरला भाडे तीस हजार, अनामत दीड लाख. भाड्यातील फरक सोळा हजारांचा. परंतु फरक तेथेच थांबत नाही. दलालाला एका महिन्याचे भाडे द्यावे लागते, आणि करार अकरा महिन्यांचा असला तर ही दलाली अकरा महिन्यांवर वाटली जाते. तिचा फरक महिन्याला साधारण साडेचौदाशे. जादा अडकलेल्या एक लाखावरील बुडालेले व्याज, सात टक्क्यांनी, पाच-सहाशे. म्हणजे खरा फरक महिन्याला अठरा हजारांचा.

आता वेळ. घाटकोपरहून पत्नी मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने थेट परळला जाते, पती मेट्रोने अंधेरीला. दोघांचे मिळून जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास धरू. डोंबिवलीहून सहा तास. महिन्याच्या पंचवीस दिवसांत फरक पंचाहत्तर तासांचा. अठरा हजारांना पंचाहत्तरांनी भागले म्हणजे दर तासाला दोनशे चाळीस रुपये पडतात. घाटकोपरला राहून वाचविलेला प्रत्येक तास या कुटुंबाला या दराने विकत घ्यावा लागतो. त्यांच्या श्रमाचा दर काय? दोघांचे मिळून चारशे तासांचे काम आणि सत्तर हजार रुपये, म्हणजे तासाला पावणेदोनशे. जो तास ते पावणेदोनशेला विकतात तो दोनशे चाळीसला परत घेणे त्यांना परवडत नाही. बाजाराच्या तर्कशास्त्राप्रमाणे त्यांनी डोंबिवलीस जावे हेच शहाणपणाचे.

या हिशेबात चूक नाही. पण त्यातून जे वगळले गेले आहे ते फार मोठे आहे. पंचाहत्तर तासांत मुलीचा अभ्यास आहे, आईचे औषधपाणी आहे, झोप आहे. परिचारिकेची पाळी रात्री उशिरा सुटली तर काय, हाही प्रश्न आहे; कारण रात्री एकच्या सुमारास लोकल थांबते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. आणि प्रवास म्हणजे केवळ वेळ नव्हे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून प्रवासी खाली फेकले जाऊन मृत्युमुखी पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. ते स्थानक आता प्रभादेवी म्हणून ओळखले जाते आणि परळच्या रुग्णालयांत जाणाऱ्या कितीतरी परिचारिकांची ती नित्याची वाट आहे. दूरच्या वस्तीचे भाडे कमी असते याचे कारण उरलेली किंमत शरीराने चुकती करावयाची असते.

येथे मेट्रोचाही विचार केला पाहिजे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. त्याआधी मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या दोन टोकांना नोकरी करणाऱ्या जोडप्याला दादरची गर्दी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. मेट्रोने घाटकोपर दोघांनाही सोयीचे केले. पण अशी सोय होताच दलाल तिची जाहिरात करतो आणि मालक ती भाड्यात मोजतो. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी दोनशे वर्षांपूर्वी जे सांगितले ते येथे तंतोतंत लागू पडते: जागेचा फायदा अखेर जागेच्या मालकाकडे जातो. सार्वजनिक पैशाने मार्ग बांधावयाचा, भाडेकरूने तिकीटही काढावयाचे आणि स्थानक जवळ आले म्हणून वाढीव भाडेही द्यावयाचे, असा हा न्याय आहे.

पाणी: नळाचे आणि पावसाचे

मुंबई सात बेटे जोडून, खाड्या बुजवून उभी राहिली. बुजविलेली जमीन पावसाळ्यात आपले मूळ रूप आठवते. शहरातील अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली येतात. साडेचार मीटरहून उंच भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला म्हणजे पाणी समुद्रात जाण्याऐवजी हिंदमाता, परळ, शीवचे गांधी मार्केट, कुर्ला, मिलन सबवे या सखल जागी साचून राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीने दोन्ही काठ सोडले आणि कुर्ला, कालिना या भागांत तळमजल्यावरची घरे पाण्याखाली गेली. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे उभारली गेली. त्यांचा उपयोगही झाला. तरीही तळमजल्याचे भाडे कमी का, याचे उत्तर जुलैत मिळते आणि घर मात्र बहुधा डिसेंबरात पाहिले जाते.

म्हणून घर पाहावयास जाणाऱ्याने मालकाला विचारण्यापूर्वी खालच्या वाण्याला विचारावे, की २००५ साली दुकानात पाणी कोठवर आले होते. भिंतीवरील ओलीच्या खुणा पाहाव्यात. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या सळ्या सज्जाच्या छतातून दिसतात का ते पाहावे. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे शेजारणीला विचारावे. पहाटे चारला पाणी येणारी वस्ती म्हणजे घरातील कोणातरी स्त्रीची झोप रोज चारला मोडणारी वस्ती. स्थानकापासून घरापर्यंतची वाट दिवसा नव्हे, रात्री दहानंतर एकदा चालून पाहावी. या गोष्टी कोणत्याही जाहिरातीत लिहिलेल्या नसतात.

दारावरचे प्रश्न

समजा, या कुटुंबाने पोट आवळून घाटकोपरचे भाडे द्यावयाचे ठरविले. तरी घर मिळेलच असे नाही. भाडे किती याआधी दलाल आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. मग मांसाहार करता का? एकट्या स्त्रीला आणखी वेगळे प्रश्न, मुसलमानाला तर बहुधा प्रश्नच नाहीत, सरळ नकार. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर भाड्याने वा विकत मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद केली आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंबई सोडून मुंब्र्याकडे गेली. त्यांनी ती वस्ती निवडली, असे म्हणणे हा शब्दांचा खेळ होईल.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात ते राहिले आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. संविधानाने पुढे अस्पृश्यता नष्ट केली. पण अनुच्छेद १५ मधील भेदभावाचा मनाईहुकूम मुख्यतः राज्यसंस्थेला उद्देशून आहे. खाजगी घरमालकाने धर्म वा आहार पाहून नकार दिला तर भाडेकरूच्या हाती परिणामकारक उपाय फारसा नसतो. एप्रिल २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला. सहकार म्हणजे परस्परांना हात देणे, अशी या शब्दाची महाराष्ट्रात ओळख होती. तोच शब्द कुंपण घालण्याच्या कामी येतो, हे सहकारी चळवळीच्या माणसांना बोचले पाहिजे.

काय करता येईल?

काही गोष्टी भाडेकरूच्या हातात आहेत. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही’ असे जो सांगतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा लबाड. मात्र त्याच कायद्याचे कलम २४ ही दुसरी बाजू आहे: मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणून मुदत पदरात पाडून घेताना ती अकरा महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षांची मागावी. दरवर्षीची दलाली आणि मुलीची दरवर्षी बदलणारी शाळा, दोन्ही त्यामुळे वाचतात. गृहसंस्था सभासदाकडून बिगरभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊ शकत नाही, हा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. हा भार मनमानी दराने भाडेकरूवर ढकलला जात असेल तर तो दाखवावा.

परंतु शहाणा भाडेकरू हा टंचाईवरील उपाय नव्हे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच घेण्याची मर्यादा आहे. ती मर्यादा स्वीकारार्ह आहे. आपल्या कुटुंबाच्या उदाहरणात दीड लाखाची अनामत तीमुळे साठ हजारांवर येते. बाकी मसुदा खाजगी मालकाचा विश्वास संपादन करण्यापुरता आहे. २००८ साली महानगर प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली. विकासकांना वाढीव चटईक्षेत्राचे आमिष दिले. काही वर्षांतच योजनेचे स्वरूप पालटले आणि भाड्याची घरे हा तिचा हेतू मागे पडला. गिरण्यांच्या जमिनींवर अशी घरे उभी राहू शकली असती. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि २००१ साली विकास नियमावली बदलून सार्वजनिक घरांसाठी द्यावयाचा जमिनीचा वाटा आकसला गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले.

लोकांनी एकत्र येऊन काही करता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे कमाल जमीनधारणा कायद्यातील अतिरिक्त जमिनीसाठी झगडून गोरेगावला दिंडोशी येथे हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी केली. तो कायदा २००७ साली महाराष्ट्राने रद्द केला. ती घरे मालकीची होती. पुढची मागणी भाड्याच्या सार्वजनिक घरांची असली पाहिजे: स्थानकांजवळच्या सरकारी, रेल्वेच्या आणि महापालिकेच्या जमिनी विकू नयेत, त्यांवर घरे बांधून उत्पन्नाच्या ठराविक हिश्श्याने ती भाड्याने द्यावीत; रिकाम्या सदनिकांवर कर बसवावा; धर्म, जात, आहार आणि लिंग यांवरून घर नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरवावा.

यांतील कोणतीच मागणी मान्य झाली नसताना आपले कुटुंब काय करील? ते बहुधा डोंबिवलीस जाईल. पत्नी पहाटे पाचला उठेल, आई दुपारी मुलीला शाळेतून आणील, आणि अकरा महिन्यांनी दलाल पुन्हा फोन करील. दर महिन्याचे ते पंचाहत्तर तास कोणाच्याही ताळेबंदात दिसणार नाहीत. ते तेथे लिहावयास लावणे, हे घराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येक संघटनेचे पहिले काम आहे.